राखेवरची हिरवळ आणि एका बापाचा प्रश्न

मेरापी पर्वताच्या दक्षिण उतारावर आमची जीप थांबली तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. इंडोनेशियातील जावा बेटावर, जोगजकार्ता शहराच्या उत्तरेस साधारण तीस किलोमीटरवर हा ज्वालामुखी आहे. उंची जवळजवळ तीन हजार मीटर. शिखरातून धुराची एक बारीक रेघ निघत होती. २०१० च्या उद्रेकानंतर या उतारावर राखेवाचून काही उरले नव्हते असे मी वाचून आलो होतो. आता तिथे डोळ्यांना सुखावणारे दाट हिरवे रान उभे होते. पाखरे बोलत होती. दरीच्या कडेला गुडघाभर गवत वाऱ्याने एका अंगाला झुकले होते.

खरे सांगायचे तर त्या क्षणी मी निसर्ग पाहत नव्हतो. मी पुढच्या जुम्याचे बयान रचत होतो. मृत झालेल्या जमिनीला अल्लाह पुन्हा जिवंत करतो, हा दिव्य कुरआनचा विषय माझ्यासमोर झाडांच्या रूपाने उभा होता आणि त्यावर काय बोलायचे हे मला पाठ होते. संकटातही खैर असते, राखेतूनही बाग उगवते, म्हणून बंद्याने तक्रार करू नये, असा त्या बयानाचा शेवटही मी ठरवून टाकला होता. हा लेख त्या बयानाबद्दल आहे. ते मी अजून दिलेले नाही.

मदरशात माझ्याबरोबर शिकलेल्या एका जावानीज मित्राच्या निमंत्रणावरून मी तिकडे गेलो होतो. कोकणातल्या माणसाला तिथे फार परके वाटत नाही. आपल्याप्रमाणे तेही शाफई. फज्रच्या नमाजात दुसऱ्या रकअतीत इमामाने कुनूतसाठी हात उचलले तेव्हा मला रत्नागिरीत असल्यासारखे वाटले. भाताची खाचरे, नारळ, कौलारू घरे, पाऊस, सगळे ओळखीचे. वेगळेपण एवढेच की क्षितिजावर एक जिवंत पर्वत आहे आणि लोक त्याच्याकडे एक डोळा ठेवून शेती करतात.

२०१० साली काय झाले ते थोडक्यात सांगतो. २५ ऑक्टोबरला ज्वालामुखीशास्त्रज्ञांनी धोक्याचा सर्वोच्च इशारा दिला. २६ च्या सायंकाळी पहिला मोठा स्फोट झाला. ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर त्याहून भीषण स्फोट झाला. १८७२ नंतरचा मेरापीचा सर्वांत मोठा. तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट गेंदोल नदीच्या पात्रातून सुमारे पंधरा किलोमीटर खाली उतरला. लोक समजतात तसा हा वाहणारा लाव्हा नव्हता. लाव्हापासून माणूस बहुधा पळू शकतो, या लोटापासून नाही. जमिनीलगत लोळत येणाऱ्या त्या करड्या ढगाला जावानीज लोक ‘वेधुस गेंबेल’, म्हणजे विस्कटल्या लोकरीचे मेंढरू म्हणतात. मृत्यूला इतके घरगुती नाव मी दुसरीकडे ऐकलेले नाही. साडेतीनशेहून अधिक माणसे गेली आणि तीन लाखांहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. इशारे वेळेवर दिले गेले नसते तर आणखी दहा ते वीस हजार माणसे गेली असती, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

गावात एका उद्ध्वस्त घराचे लहानसे संग्रहालय केले आहे. त्याचे नाव ‘सिसा हर्ताकू’, म्हणजे माझे उरलेले धन. मराठी घेऊन बी. ए. केलेल्या माणसाला अशा ठिकाणीही शब्दांची खोड सुटत नाही. ‘सिसा’ हा आपला ‘शेष’ आणि ‘हर्ता’ हा आपला ‘अर्थ’, संस्कृतातून समुद्र ओलांडून गेलेले. आत वितळून एकमेकांना चिकटलेली काचेची भांडी आहेत, मोटारसायकलीचे सांगाडे आहेत, गुरांची हाडे आहेत. भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याची चकती उष्णतेने वाकली आहे आणि काटे बारा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास थांबले आहेत.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर मी जीपच्या चालकाशी बोलू लागलो. माणूस चाळिशीचा, मितभाषी. माझे उर्दू आणि त्याची जावानीज यांमध्ये माझा मित्र पूल झाला होता. त्याची आई त्या रात्री गेली, हे मला तेव्हाच कळले. ती खाली छावणीत सुरक्षित होती. गाईंना चारा घालून येते म्हणून दुपारी वर गेली आणि परतली नाही. मी इन्ना लिल्लाहि म्हटले. पुढे जे बोललो ते मात्र सवयीने बोललो. अल्लाहच्या प्रत्येक कामात हिकमत असते, पाहा, किती सुंदर हिरवळ आली आहे. राखेने जमीन सुपीक झाली, नदीतल्या वाळूने शहरात घरे उभी राहत आहेत, प्रवासी येतात, तुमची जीप चालते.

‘हिकमत’ शब्द त्याला भाषांतराशिवाय कळला, कारण तो त्यांच्याही भाषेत आहे. त्याने अदबीने मान हलवली. मग हिरव्या रानाकडे हात करून तो जे म्हणाला ते मित्राने मला असे सांगितले: “पाहुणे म्हणतात, जंगल परत आले. हे आमचे जंगल नव्हे. हे दुसरे आहे.”

पुढे चौकशी केली तेव्हा त्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. मेरापीच्या या उतारावर आज जे दाट रान दिसते त्यात मोठा भाग एका परदेशी बाभूळवर्गीय झाडाचा आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला अकेशिया डेकरन्स म्हणतात. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्याच्या बियांचे कवच टणक असते आणि उष्णतेने ते फुटते. म्हणजे ज्या आगीत पुस्पा आणि पाइन जळून गेले त्याच आगीने याच्या बियांना जाग आणली. ताज्या राखेत पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस अशी खनिजे असतात, पण नायट्रोजन जवळपास नसतो. या झाडाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणून जिथे इतरांना पाय रोवता येत नाही तिथे हे फोफावते. इतके दाट वाढते की स्थानिक झाडांच्या रोपांना जागा आणि प्रकाश मिळणे कठीण होते. वनखात्याच्या लोकांना त्याची चिंता आहे. प्रवाशांना ते कळत नाही. मलाही कळले नव्हते. हिरवे दिसले, मी सुब्हानल्लाह म्हटले.

सुब्हानल्लाह म्हणण्यात चूक नव्हती. चूक त्याच्या पुढच्या वाक्यात होती, आणि ती मी पहिल्यांदा केलेली नव्हती.

जुलै २०२१ मध्ये कोकणात पूर आला. चिपळूण आणि महाड परिसराने तेव्हा काय भोगले ते वाचकांना ठाऊक आहे. तळीये गावावर तर डोंगरच आला. त्या दिवसांत नदीकाठच्या एका गावी आम्ही काही लोक ताजियतीसाठी आणि मदतीचे सामान घेऊन गेलो होतो. जुम्याचा दिवस होता. मशिदीतला चिखल काढून चटया अंथरल्या होत्या आणि बयानासाठी मला उभे करण्यात आले. मी त्यात म्हटले की पुराने आणलेला गाळ पुढच्या वर्षी भाताला सोन्यासारखा ठरेल, अल्लाहच्या हिकमती आपल्याला मागाहून कळतात. नमाजनंतर एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्याजवळ आले. रागावलेले नव्हते. मुसाफा करून त्यांनी एवढेच विचारले, “मौलाना, गाळ शेताला मिळाला. माझ्या पोरीला काय मिळालं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांना सब्र करण्यास सांगितले आणि गाडीत बसलो. मेरापीवर त्या चालकाने रानाकडे हात केला तेव्हा मला ते गृहस्थ दिसले.

प्रश्न असा आहे. संकटानंतर जी भरपाई दिसते, हिरवळ, गाळ, नवी घरे, नवी माणसे, ती संकटात गेलेल्यांची भरपाई असते का? आणि नसेल, तर आपण तिच्याकडे बोट दाखवून दुःखी माणसाला नेमके काय सांगत असतो?

हिकमत आहे, यात मोमिनाला शंका नाही. अल्लाह हकीम आहे हे आपल्या ईमानाचा भाग आहे. पण हिकमत आहे असे मानणे आणि ती मला दिसली असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. सूरह कहफमधील हजरत मूसा (अ.) आणि हजरत खिज्र (अ.) यांचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. नाव का फोडली, मुलाला का मारले, भिंत का उभारली, याची कारणे खिज्र (अ.) यांनी सांगितली, पण ती त्यांना अल्लाहने दिलेल्या ज्ञानामुळे माहीत होती. मूसा (अ.) तर थोर पैगंबर, तरी त्यांना ती दिसली नाहीत आणि त्यांनी तिन्ही वेळा हरकत घेतली. आम्ही मौलवी लोक हा किस्सा सांगता सांगता नकळत खिज्र (अ.) यांच्या जागी जाऊन बसतो आणि समोरच्या दुःखी माणसाला मूसा (अ.) यांच्या जागी बसवतो. वास्तविक आम्ही दोघेही न जाणणाऱ्यांत आहोत. आणखी एक गोष्ट मला अलीकडेच जाणवली. त्या मुलाच्या आई-बापांना त्याच्या बदल्यात अधिक चांगले अपत्य मिळावे, ही इच्छा खिज्र (अ.) यांनी मूसा (अ.) यांना सांगितली. त्या आई-बापांना कुणी जाऊन हे सांगितल्याचा उल्लेख कुरआनात नाही. त्यांच्या दारात उभे राहून ‘याहून चांगले मिळेल’ असे कुणी म्हटले नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र हजरत इब्राहीम बालवयात वारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना आश्चर्य वाटले, तेव्हा ही रहमत असल्याचे प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. प्रेषितांनी (स.) ते तिथल्या तिथे खोडून काढले. कुणाच्या मृत्यूने वा जन्माने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत, असे त्यांनी लोकांना सांगितले आणि नमाज पढवली. एखाद्या शोकमग्न बापाला त्या समजुतीने मोठा दिलासा मिळाला असता. त्यांनी तो घेतला नाही. आकाशातल्या घटनेचा एका विशिष्ट जिवाशी आपल्या सोयीने संबंध जोडणे त्यांना मंजूर नव्हते, मग तो जोड आपल्या गौरवाचा असो की दुसऱ्याच्या निंदेचा. ‘हा अजाब होता’ म्हणणारे आणि ‘ही रहमत होती’ म्हणणारे, दोघांनीही ही हदीस पुन्हा वाचावी असे मला वाटते. मी दुसऱ्या गटातला आहे. आमचा गट अधिक सभ्य दिसतो, इतकेच.

मग मृत जमिनीच्या त्या आयतींचे काय? सूरह रूम, सूरह काफ, सूरह हज, सूरह फुस्सिलत, किती ठिकाणी अल्लाहने ओसाड जमिनीकडे पाहायला सांगितले आहे! सूरह रूममध्ये तर पावसानंतरच्या हिरवळीला अल्लाहच्या रहमतीच्या खुणा म्हटले आहे. मेरापीहून परतल्यावर मी या सर्व जागा एकत्र काढून वाचल्या आणि एक गोष्ट लक्षात आली, जी तफसीरच्या वर्गात कैकदा शिकूनही माझ्या मनात उतरली नव्हती. या प्रत्येक ठिकाणी हिरवळीचा उल्लेख जिथे पोहोचतो ते ठिकाण एकच आहे: जो हे करू शकतो तो मेलेल्यांना उठवू शकतो. जमीन हिरवी झाली म्हणून जे गेले त्यांचा हिशेब मिटला, असे यांपैकी एकाही आयतीत म्हटलेले नाही. हिरवळ ही कुदरतीची निशाणी म्हणून समोर ठेवली आहे. तिला मोबदला आपण केले.

आणि निशाणी कशाची? कियामतीला कुणाच्या जागी दुसरे कुणी उभे राहणार नाही. तीच माणसे उठतील. सूरह कियामहमध्ये बोटांच्या पेरांचा उल्लेख येतो, तीसुद्धा जशीच्या तशी जुळवली जातील म्हणून. सूरह बकरहमध्ये उजाड वस्तीवरून जाणाऱ्या ज्या व्यक्तीची हकिकत आहे, जी अनेक मुफस्सिरांच्या मते हजरत उझैर (अ.), तिला शंभर वर्षांनी जागे करून तिच्याच गाढवाची हाडे तिच्या डोळ्यांदेखत जोडली गेली. दुसरे गाढव दिले गेले नाही. लगेच पुढे हजरत इब्राहीम (अ.) यांनी मेलेले कसे जिवंत होतात हे पाहण्याची इच्छा व्यक्त केली, ईमान नव्हते म्हणून नव्हे, मनाला स्वस्थता यावी म्हणून. त्यांना चार पक्षी घ्यायला सांगितले, आधी स्वतःशी परिचित करायला सांगितले, मग त्यांचे भाग डोंगरांवर ठेवून हाक मारायला सांगितले. जे ओळखीचे होते तेच पक्षी धावत आले.

जंगल असे परतत नाही. जीपचालकाने जे एका वाक्यात सांगितले ते मी इतक्या पानांत शोधत होतो. जंगलात गेलेल्याच्या जागी दुसरा येतो, आणि लांबून पाहणाऱ्याला तो भरून आल्यासारखा दिसतो. पुस्पाच्या जागी अकेशिया. माणसांच्या बाबतीत अल्लाहचा वायदा याहून फार मोठा आहे. त्या चालकाला त्याची आईच परत भेटण्याचा वायदा आहे, त्या गृहस्थांना त्यांची मुलगीच. मी त्यांना जे देऊ करत होतो ते या वायद्यापुढे किती किरकोळ होते! गाळ, वाळू, प्रवासी. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये जी हदीस आहे तिच्यानुसार बुडून मरणारा, जळून मरणारा, पडझडीखाली दबून मरणारा शहिदांत गणला जातो. हे मला त्या दिवशी मशिदीत माहीत होते. माहीत असूनही मी भाताबद्दल बोललो.

हिरवळीला मोबदला मानण्यात आणखी एक अडचण आहे. जिथे ती येतच नाही तिथे काय म्हणायचे? हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी मदीनेच्या आसमंतातले काळे दगडी माळ पाहिले असतील. त्यांना हर्रा म्हणतात आणि ते ज्वालामुखीचेच आहेत. हिजरी ६५४, म्हणजे इ. स. १२५६ मध्ये मदीनेजवळ जमीन हादरू लागली आणि मग आग बाहेर पडली. पन्नासहून अधिक दिवस ती चालली. तेवीस किलोमीटर लांबीचा लाव्हा वाहत आला आणि शहर काही किलोमीटरवर असताना थांबला. दमास्कसच्या अबू शामा यांनी त्या वेळी मदीनेहून आलेली पत्रे नोंदवून ठेवली आहेत. इमाम नववी तेव्हा हयात होते आणि हिजाजमधून निघणाऱ्या आगीची जी भविष्यवाणी हदीसमध्ये आहे तिच्या विवरणात त्यांनीही या घटनेचा उल्लेख केला आहे. मदीनेचे लोक मशिदे नबवीत रात्रभर जमले. शहराच्या अमीराने आपले गुलाम मुक्त केले आणि लोकांचा हिरावलेला माल परत केला. आग मदीनेला शिवली नाही. पण तो लाव्हा आज पावणेआठशे वर्षांनंतरही जवळपास तसाच काळा आहे, कारण तिथे जावासारखा पाऊस नाही. हिरवळ हीच रहमतीची मोजपट्टी मानली तर प्रेषितांच्या (स.) शहराच्या वेशीवरचा हा माळ कोणत्या खात्यात टाकायचा? मला त्या अमीराचे वागणे विचार करण्याजोगे वाटते. त्याने आगीचा अर्थ लावत बसण्याऐवजी तिच्यात स्वतःचा हिशेब तपासला. ज्याचे घेतले होते त्याला दिले.

आपल्याकडे नेमके उलटे होते, आणि ही गोष्ट मला अधिक टोचते. पुराला हिकमत म्हटले की मग नदीचे पात्र कुणी अरुंद केले, वरचे डोंगर कुणी बोडके केले, इशारा वेळेवर का पोहोचला नाही, हे प्रश्न विचारणे अदबीला सोडून वाटू लागते. आपली कसूर आपण अल्लाहच्या खात्यावर मांडतो आणि वर तिला ईमान म्हणतो.

मेरापीचे रखवालदार म्हणून जोगजकार्ताच्या सुलतानांनी नेमलेले एक वृद्ध गृहस्थ होते, म्बाह मारिजान. पर्वताला नजराणे वाहण्याचा जो राजविधी ते करत, त्याच्याशी मी सहमत होऊ शकत नाही आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण तो आजचा विषय नाही. २००६ च्या उद्रेकात त्यांनी गाव सोडण्यास नकार दिला आणि ते वाचले. त्यांची कीर्ती देशभर झाली. २६ ऑक्टोबर २०१० ला त्यांनी पुन्हा नकार दिला. ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. लोटाने त्यांचे घर गाठले आणि त्यांचा मृतदेह सजद्याच्या अवस्थेत सापडला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. त्यांना खाली आणायला गेलेले काही जणही तिथेच मरण पावले. माझ्या मित्राच्या घरी यावर रात्री बराच वाद झाला. एक बाजू म्हणे, हे तवक्कुल. दुसरी म्हणे, ही आत्महत्या.

मला हजरत उमर (र.) यांचा शामचा प्रवास आठवला. पुढे अमवासची साथ पसरल्याचे कळताच त्यांनी काफिला माघारी वळवला. हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर (र.) यांनी त्यांना एका दरीचे उदाहरण दिले, जिची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड, उंट कुठल्याही बाजूला चारले तरी ते तकदीरीतच असते. म्हणजे हिरवी बाजू निवडणे हे तकदीरीविरुद्ध जाणे नव्हे. पुढे अबू उबैदा (र.) आपल्या लोकांबरोबर राहिले आणि त्याच साथीत वारले. उमर (र.) यांनी त्यांची निंदा केल्याचे मी कुठे वाचलेले नाही. म्हणून त्या वृद्ध रखवालदाराच्या सजद्यावर फैसला देण्याचे धाडस मला होत नाही. पण जे त्यांच्या भरवशावर वर थांबले आणि जे त्यांना आणायला वर गेले, त्यांचा हिशेब मला त्या सजद्यातून वेगळा काढावासा वाटतो. आणि गाईंना चारा घालायला गेलेल्या त्या आईचा तर नक्कीच. ती कुठल्याही वादात नव्हती. तिची जनावरे उपाशी होती.

याच देशात, जावा आणि सुमात्रा यांमधल्या समुद्रात क्राकाताऊ आहे. १८८३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा स्फोट झाला आणि उसळलेल्या लाटांत छत्तीस हजारांवर माणसे गेली. नऊ महिन्यांनी एक फ्रेंच मोहीम त्या बेटावर उतरली. संपूर्ण बेटावर त्यांना एकच सजीव सापडला: एक लहानसा कोळी. वाऱ्यावर कुठून तरी आला होता आणि जाळे विणत होता. तिथे अडकायला एक माशीही नव्हती. आणखी दोन वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ गेले तेव्हा राखेवर शेवाळासारखा थर आणि नेचे उगवलेले त्यांना आढळले. आज तिथे जंगल आहे. हा कोळी मला पूर्वी भेटला असता तर मी त्याच्यावरही बयान केले असते. आता मला तो पुरेसा वाटतो, जसा आहे तसा. त्याच्या जाळ्यावरून छत्तीस हजारांबद्दल काही बोलण्याची गरज नाही.

उतारावरून खाली येताना असरची वेळ झाली. वाटेत एक लहान मशीद लागली. आम्ही तिघांनी जमाअत केली. माझ्या मित्राने आग्रहाने मला पुढे केले. सलाम फिरवल्यावर चालकाने मला काही सांगितले. मित्र म्हणाला, ते म्हणतात, दुआत माझ्या आईचे नाव घ्या. मला लाज वाटली, कारण सकाळपासून तिच्या मृत्यूवर इतके बोलूनही मी तिचे नाव विचारले नव्हते. त्याने नाव सांगितले. मी ते दुआत घेतले. तो मोठ्याने आमीन म्हणाला. नंतर बाहेर येऊन त्याने जीपच्या काचेवर बसलेली राखाडी धूळ फडक्याने पुसली आणि आम्ही निघालो.

कोकणात परतल्यावर पहिल्या रविवारी मी त्या नदीकाठच्या गावी गेलो. इतक्या वर्षांनी मौलाना कसे काय आले, असा भाव त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर होता. चहा आला. मी म्हटले, त्या जुम्याला तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती आणि मी न बोलता निघून गेलो होतो. ते म्हणाले, जाऊ द्या मौलाना, जुनी गोष्ट. मी विचारले, मुलीचे नाव काय होते?

ते क्षणभर थांबले. मग आत जाऊन त्यांनी तिची शाळेची वही आणली. पुराचे पाणी लागून तिची पाने लाटांसारखी वळली होती आणि शाई पसरली होती, पण पहिल्या पानावरचे नाव वाचता येत होते. जोहरपर्यंत ते तिच्याविषयी बोलत होते. मी ऐकत होतो.